जगण्याची किंमत

बेळगावचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला आषाढातला बंद वर्ग कसा असतो हे सांगायला नको. दहावीची पन्नास मुले, खिडक्या लावलेल्या. अर्ध्या तासात वर्ग कोंदून जातो. मग मी एक खिडकी उघडतो आणि मुलांना हिशेब घालतो. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे पन्नास मुले मिळून हजार वॉटच्या पाच शेगड्या! मुले हसतात.

खाल्लेल्या अन्नातली जवळजवळ सगळी ऊर्जा आपण अशी परत करतो. मग घेतो तरी काय? एर्विन श्रोडिंजर यांनी १९४३ साली डब्लिनच्या व्याख्यानांत याचे उत्तर दिले. सजीव भोवतालातून सुव्यवस्था घेतो आणि अव्यवस्था बाहेर सोडतो. ही देवघेव थांबली की शरीर विस्कटू लागते.

गेल्या वर्षी खिडकीजवळच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हणजे दुसऱ्याचं बिघडवल्याशिवाय जगताच येत नाही का?" घंटा झाली आणि मी सुटलो.

पण प्रश्न सुटला नव्हता. पृथ्वी सूर्याकडून घेतलेली ऊर्जा जवळजवळ तेवढीच अवकाशात परत पाठवते. मात्र प्रकाशाचा एक कण येतो, त्याचे उष्णतेचे सुमारे वीस कण होऊन जातात. वीस रुपयांची नोट यावी आणि वीस सुटे रुपये जावेत, तसे. रक्कम तीच, पण या मोडीवरच गवतापासून माणसापर्यंत बहुतेकांचा संसार चालतो. तेव्हा जगणे ही चोरी नव्हे. रोजच्या उन्हावर जगणारा कुणाचे लुबाडत नाही. आपण मात्र कोट्यवधी वर्षांची दगडी कोळशाची शिल्लक दोन-अडीचशे वर्षांत जाळत आहोत, आणि धूर शेजाऱ्याच्या अंगणात सोडत आहोत.

जगण्याची किंमत पडतेच, एवढे पदार्थविज्ञान सांगते. ती कुणी मोजायची, हे मात्र ते सांगत नाही. तो निर्णय आपला.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडताना माझे लक्ष गेले. हवा सगळ्या वर्गाला मिळत होती. सदरा भिजत होता तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा. त्याला उत्तर म्हणून मी एवढेच केले, दर सोमवारी बाक बदलायचे ठरवले. माझी खुर्ची अजून कोरड्या जागीच आहे, हे लिहिताना ध्यानात येते आहे.