आता कसं दिसतं?

मराठी भाषेइतकी स्पष्टवक्ती भाषा दुसरी नसेल. माणसाला जवळचं दिसेनासं झालं की आपण त्याचं वयच त्याच्या नाकावर बसवतो आणि त्याला ‘चाळिशी’ म्हणतो. मी ही चाळिशी बेचाळिसाव्या वर्षापर्यंत टाळली. काउंटरवर चेक आला की मी तो वाचण्यासाठी हळूहळू लांब धरीत असे. एकदा तो इतका लांब गेला की ग्राहकाला वाटलं, मी परतच करतो आहे. त्याने तो मुकाट्याने घेऊन खिशात घातला. त्या संध्याकाळी मी आमच्या नेहमीच्या दुकानात चष्मा करायला गेलो, आणि दुकानदाराने मला चष्मा द्यायला साफ नकार दिला.

“आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा साहेब, मग काच बसवतो,” तो म्हणाला.

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार वरोऱ्यात तरी मी प्रथमच पाहिला. पण मी वाद घातला नाही. त्याच्या नकाराचं कारण मला ठाऊक होतं. ते कारण आमच्याच घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असतं.

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. दरवर्षी ते या दुकानात डोळे तपासायला जात. दुकानदार अतिशय भला. कोणाच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला तर फुकट बसवून देई, गरिबाकडून नुसत्या काचेचे पैसे घेई. धंदा तो काकाच्या हाताखाली शिकलेला. गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी फ्रेम चढवायची, एकामागून एक भिंगं टाकायची आणि विचारायचं, “आता कसं दिसतं? आधीचं बरं का हे?” तुम्हाला खरं सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मला आजवर आलेलं नाही. तिसऱ्या भिंगानंतर मी केवळ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून “हे बरं” म्हणतो.

अण्णांचं तसं नव्हतं. समोर तक्ता आणि हातात परीक्षा म्हटल्यावर मास्तर काय मागे राहणार? अक्षरं लहान लहान होत जाणारा हा तक्ता स्नेलेन नावाच्या एका डच डॉक्टरांनी १८६२ साली तयार केला. त्याची शेवटची ओळ अण्णा खडखडीत वाचून दाखवत आणि मग माझ्याकडे असे बघत की मला माझे मॅट्रिकचे मार्क आठवावेत. दुकानदार म्हणे, “मास्तर, नजर एकदम फर्स्टक्लास!”

नजर फर्स्टक्लास, पण अण्णा घरात धडपडू लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागे. शेजारी ठेवलेला चहाचा कप हमखास लवंडे. आम्ही हसायचो. मी तर पुढे गेलो. ‘आमचे अण्णा आणि चहाचा कप’ असा एक लेखच लिहून टाकला. तो एका दिवाळी अंकात छापून आला आणि अण्णांनीच तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. अण्णाही हसले.

मग एकदा ते रस्ता ओलांडताना बाजूने आलेल्या सायकलवर आदळले, तेव्हा त्यांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेकडेची नजर जाते, समोरची शेवटपर्यंत टिकते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब टाकून सांभाळायची. म्हणजे अण्णा ती शेवटची ओळ खरोखरच वाचत होते. तक्ता खोटं बोलला नव्हता, अण्णा खोटं बोलले नव्हते, दुकानदारही खोटं बोलला नव्हता. सगळे खरं बोलत असताना एका माणसाची अर्धी नजर गेली होती.

मी तणतणत दुकानात भांडायला गेलो. सगळं ऐकून तो बिचारा स्टुलावर बसलाच. म्हणाला, “साहेब, मास्तरांनी मले शिकवलं हो. मी त्यायचं वाईट करीन काय? शेवटची ओळ वाचली म्हणजे नजर चांगली, एवढंच मले कोणी सांगितलं होतं.”

आता या माणसाशी काय भांडता? मी परत फिरलो. पण एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. मनाने चांगल्या असलेल्या माणसाच्या हातून, केवळ त्याला माहीत नव्हतं म्हणून, दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याला दोष द्यायचा की नाही?

हा प्रश्न मी बहुधा तसाच सोडून दिला असता. पण गेल्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण भाच्याला पुढे घालून घरी आली.

“समजाव याले! बारावीले एवढे मार्क पडले अन् हा चष्मेवाला होतो म्हणून राहिला!”

“चष्मेवाला नाही मामा, ऑप्टोमेट्रिस्ट,” भाचा शांतपणे म्हणाला. “चार वर्षांची डिग्री आहे.”

“चार वर्षं? चौकातला तो काय शिकला? दुकान तर जोरात चालून राहिलं त्याचं!”

ताईचा मुद्दा बिनतोड होता. स्कूटर चालवायची तर लायसन लागतं. त्याच्या फॉर्मात तुम्हाला लिहून द्यावं लागतं की पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते. चष्मा लावून वाचली तरी चालते. पण तो चष्मा ज्याने दिला त्याच्यापाशी काय असायला हवं, याची चौकशी त्या फॉर्मात नाही. दुकान टाकायचं तर २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकान कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असली की नुसती सूचना दिली तरी भागतं. विलायतेत चष्मेवाल्यांसाठी १९५८ सालीच वेगळा कायदा झाला. आपल्याकडे २०२१ साली संसदेने डॉक्टरांच्या जोडीने काम करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांसाठी एक कायदा केला. त्याचं नाव एवढं लांब आहे की ते वाचायलाच चष्मा लागावा. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट आले, त्यांची नोंदवही आली आणि पदवीला किमान ३६०० तासांचं शिक्षण आलं. मी हिशेब केला. बँकेत ३६०० तास म्हणजे जेवणाच्या सुट्ट्या वगळून जवळजवळ दोन वर्षं. तेवढ्या काळात मी फक्त शिक्का सरळ मारायला शिकलो होतो.

“पण माणूस चांगला असला म्हणजे झालं ना?” ताईने शेवटचा बाण सोडला.

आणि काय गंमत पहा, मला एकदम उत्तर सापडलं, तेही बी.कॉम.च्या पुस्तकात! १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचं १३१ वं कलम. बँकेने ग्राहकासाठी क्रॉस केलेला चेक वसूल केला आणि पुढे त्या चेकवर ग्राहकाचा हक्कच नव्हता असं निघालं, तर बँकेला संरक्षण मिळतं, पण दोन अटींवर. व्यवहार सद्भावनेने केलेला हवा, आणि निष्काळजीपणा न करता केलेला हवा. नुसती पहिली अट पुरी केली तर चालत नाही. हे कलम परीक्षेत मी पाठ म्हणून दाखवलं होतं. त्यात नीतिशास्त्राचा आख्खा धडा आहे हे कळायला अण्णांची नजर जावी लागली.

शिवाय वरोऱ्याच्या माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये. बाबा आमटे इथे वकिली करत होते. त्यांच्या सद्भावनेबद्दल शंका घेणारा माणूस जन्मायचा आहे. पण कुष्ठरोग्यांची सेवा करायची ठरवल्यावर तेही १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचं शिक्षण घेऊन आले. आनंदवन उभं राहिलं त्यानंतर. एवढं मोठं अंतःकरण असलेल्या माणसाला शिकावंसं वाटलं, तर तुम्हा-आम्हाला चार वर्षं जड का व्हावीत?

आता कोणी म्हणेल, सोनेरी फ्रेममध्ये प्रमाणपत्र टांगून गरज नसलेला महागडा चष्मा गळ्यात मारणारे काय कमी आहेत? नाहीत. परवाना त्या दुसऱ्या अटीचा मिळतो. पहिल्या अटीचा कुठलंच मंडळ देत नाही. ती घरून आणावी लागते. आणि दुसऱ्या अटीचा खरा अर्थही मला आता वेगळा वाटतो. शिकलेल्या माणसाला जास्त येतं हे तर झालंच. पण आपल्याला कुठवर येतं आणि कुठे थांबून “पुढे डॉक्टरकडे जा” म्हणायचं, हेही त्याला येतं. आमच्या दुकानदाराला तेवढं एक येत नव्हतं. आता येतं. फक्त त्याचं शिक्षण अण्णांच्या खर्चाने झालं.

दुकानदाराचं सोडा. विनोदी लेखकाला कुठे परवाना लागतो? माणूस रोज एकाच बाजूला धडपडतो आहे हे मी चांगलं वर्षभर पाहिलं, त्यावर लेख लिहिला, मानधनही घेतलं. का धडपडतो हे विचारलं नाही. माझीही सद्भावनाच होती.

भाचा नागपूरला शिकायला गेला. दिवाळीला आला तो फराळाच्या ताटावरच मला म्हणाला, “मामा, आजोबांना काचबिंदू आहे, म्हणजे तुम्हाला आणि आईलाही धोका इतरांपेक्षा जास्त. डोळ्यांचा दाब कधी तपासला?” ताईच्या हातातली चकली हातातच राहिली. आम्ही दोघं त्याच आठवड्यात जाऊन आलो. तूर्त दोघांचंही ठीक आहे, दरवर्षी दाखवायचं आहे. चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो आणि माझी चाळिशी करून घेतली.

हा लेख छापायला देण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ विचारलं. मग म्हणाले, “कपाची गोष्ट परत घातलीस.”

“गाळू का?”

“राहू दे,” ते म्हणाले. “या वेळी कारण दिलं आहेस.”