पहिलं उत्तर कोणाचं?

सुरतमधल्या उधन्याच्या उद्योगनगरातल्या एखाद्या साडीच्या पेढीत नवा आयपी फोन वायरीला जोडला, की त्याला आधी स्वतःचा पत्ता नसतो. तो कोणाकडे मागायचा हेही ठाऊक नसतं. म्हणून तो साऱ्या नेटवर्कला ऐकू जाईल असा पुकारा करतो. स्वतःच्या पत्त्याच्या जागी चार शून्यं, आणि समोरच्याचा पत्ता 255.255.255.255, म्हणजे जो कोणी असेल तो. डीएचसीपी सर्व्हर एक मोकळा पत्ता देऊ करतो, फोन तो मागून घेतो, सर्व्हर पक्का करतो. राल्फ ड्रोम्स यांनी 1997 मध्ये लिहिलेल्या नियमांवर हा व्यवहार अजून चालतो.

फोनचं तेवढ्यानं भागत नाही. पत्त्यासोबत त्याला ऑप्शन 66 लागतो, सिस्कोचा फोन असेल तर बहुधा 150. तिथे दिलेल्या सर्व्हरवरून तो आपली फाइल उतरवतो, तेव्हा कुठे त्याला कळतं की आपण गेटवरचे 201 की हिशेबातले 204. ऑप्शनची ही ओळ भरायची राहिली तर पत्ता मिळतो, दिवे लागतात आणि फोन मुका बसतो.

हा पत्ता भाड्याचा असतो. उधन्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ताप्ती लाइननं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून लूमवर कामाला आलेल्या किती खान्देशी घरांनी इथे भाड्याच्या खोल्यांत वर्षं काढली! फोन मात्र भाडेकरू म्हणून फार सावध. निम्मी मुदत सरली की तो त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. दाद लागली नाही तर आठांतले सात भाग सरल्यावर पुन्हा सगळ्यांना हाक मारतो.

मुदत किती ठेवायची, हे मात्र माणसानं ठरवायचं. लहान ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये वापरता येतील असे पत्ते 254. दिवाळीच्या तोंडावर दलाल, व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले येतात, प्रत्येकाचा मोबाइल वाय-फायवर चढतो. विंडोज सर्व्हरची मुळातली मुदत आठ दिवसांची. ती तशीच सोडली तर पाहुणा गावी पोचला तरी त्याचा पत्ता इथे अडकलेला, आणि नव्यानं लावलेल्या फोनला काही उरत नाही. म्हणून फोनचं व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं स्वतंत्र नेटवर्क, वेगळं, पत्त्यांचा साठा वेगळा, मुदत लांब; पाहुण्यांना तास-दोन तास. यात मला दुजाभाव दिसत नाही. राहणाऱ्याची सोय पाहुण्याच्या गर्दीत बुडू नये, एवढंच.

खरा पेच पुढे आहे. फोन उत्तर देणाऱ्याची ओळख विचारत नाही. बहुतेक वेळा जे उत्तर आधी आलं ते धरून चालतो. कोणी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर तोही पत्ते वाटायला लागतो. त्याचं उत्तर आधी पोचलं, की फोन त्याच्यामागे निघाला. भलता पत्ता, भलता गेटवे, आणि ऑप्शन 66 चा मागमूस नाही.

पहाटे उधना स्टेशनवर पहिल्यांदा उतरलेला धुळ्याकडचा पोरगाही अहिराणीत कोणी बोललं की त्याच्यामागे जातो. बोलणारा गाववाला निघतो किंवा मुकादम. फसला तर आपण म्हणतो, चौकशी करायची होतीस. कोणाकडे करणार होता? चौकशीसाठी ओळख लागते, आणि तिच्याच शोधात तर तो आलेला.

नेटवर्क बांधणाऱ्यांनी हे ओझं फोनवर टाकलं नाही, ते मला पटतं. पहारा स्विचवर बसवला. त्याला डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात: सर्व्हरकडचं पोर्ट भरवशाचं ठरवायचं, आणि बाकी कुठूनही ‘मी पत्ता देतो’ असा निरोप आला तर तो तिथेच टाकून द्यायचा. ज्या स्विचमध्ये ही सोय असते त्यातही ती बहुधा बंदच असते, कोणीतरी मुद्दाम चालू करावी लागते. आणि चालू करण्याआधी खऱ्या सर्व्हरचं पोर्ट भरवशाचं म्हणून नोंदवायला हवं. नाहीतर पहारेकरी त्याचंही उत्तर अडवतो आणि गेटपासून हिशेबापर्यंत सगळे फोन पुकारा करत राहतात.