वाऱ्याच्या सोबतीनं आल्प्सवर

३ ऑक्टोबर १८९८. स्वित्झर्लंडमधल्या सिओनहून ‘वेगा’ नावाचा वायूचा फुगा आकाशात चढला. टोपलीत होते छायाचित्रकार एदुआर्द स्पेल्टेरिनी आणि भूवैज्ञानिक अल्बर्ट हाइम. हाइम यांनी आल्प्सचे खडक पायी हिंडून अभ्यासले होते. त्या दिवशी तीच शिखरं त्यांच्या पायाखाली होती. मला हेवा वाटतो तो हाइम यांचा!

स्पेल्टेरिनींचा कॅमेरा जड, प्लेटा काचेच्या. फुग्याला ना इंजिन, ना सुकाणू. तो वाऱ्याच्याच वेगानं वाहतो, म्हणून टोपलीत झुळूकही फारशी जाणवत नाही, थरथर नाही. असं निवांतपण मिळालं की डोळे किती पाहतात! दोन हिमनद्या मिळतात तिथे त्यांच्या काठांवरचे दगडगोटे एकत्र येतात आणि मधोमध काळा पट्टा होऊन पुढे सरकत राहतात. खाली उभं राहिलं तर तो नुसता ढिगारा. वरून मात्र त्या बर्फाची सगळी चाल कळते.

आजही उन्हानं तापलेल्या उतारांवरून उठणारी हवा पकडत ग्लायडर तासन्‌तास डोंगरांवर तरंगतात. त्यांत बसलेली माणसं अजून तोच आनंद कॅमेऱ्यात टिपताहेत.