शेजारी बसावं लागतं

आपल्या काही कारागृहांत मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आहेत. शाळा अर्धवट सुटलेला बंदी तिथे पदवीची पूर्वतयारी करतो. कुणी आपणहून त्याला शिकवायला जातं. गुन्हा काय, असं विचारत नाही. काय अडलंय, एवढंच विचारतं आणि शेजारी बसतं.

धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत, साने गुरुजी ते लिहून घेत. दोघेही बंदीच होते. विद्येला भिंत अडवत नाही.

बंद्याला शिक्षा न्यायालयाने दिली आहे. आपण तिच्यात तिरस्काराची भर घालू नये. उपदेश दुरूनही करता येतो. शिकवायला मात्र शेजारी बसावं लागतं.

मित्रहो, चुकलेला एखादा माणूस आपल्याही ओळखीत असेल. आज त्याच्याकडे चुकीचा हिशेब मागू नका. त्याच्या शेजारी बसा.