झील

बार्शीत एक म्हातारे झीलकरी होते. उभी हयात शाहिराच्या मागे उभं राहून, तुणतुणं छेडत 'जी जी रं जी' म्हणण्यात गेली. सगळे त्यांना तात्या म्हणत.

त्यांच्या संचात एक तरुण शाहीर होता. आवाज पहाडी, डफावरची थाप खणखणीत. भगवंत मंदिराजवळच्या एका कार्यक्रमात टाळ्या थांबेनात. त्या रात्री बिदागीची वाटणी करताना तो म्हणाला, "तात्या, लोक मला ऐकायला येतात. मागं तीन माणसं कशाला हवीत?"

तात्या रागावले नाहीत. "बरं, उद्या एकटा म्हण. मी खाली बसून ऐकतो."

दुसऱ्या रात्री पहिला चौक कडाडला. दुसऱ्यात मात्र घशाला कोरड पडली. पोवाड्यात झीलकरी झील उचलतात, तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढची ओळ मनात आणतो, समोरच्या माणसांचे चेहरे वाचतो. ती उसंतच आता उरली नव्हती. तिसऱ्या चौकात शब्द मागेपुढे झाले, डफाची लय सुटली. तेव्हा तात्यांनी बसल्या जागेवरून वरच्या पट्टीत झील धरली. शाहिराला श्वास मिळाला आणि पोवाडा तडीस गेला.

घरी परतताना तात्या शाहीर अमर शेखांविषयी बोलू लागले. अमर शेख बार्शीचेच. 1916 साली जन्मले ते मेहबूब पटेल म्हणून. मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. आई मुनेरबी यांच्या ओव्यांवर त्यांचा कान घडला. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

"'माझी मैना' लिहिली अण्णाभाऊंनी," तात्या म्हणाले, "आन् संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधी ती गाजली अमर शेखांच्या गळ्यातनं. लेखणी एकाची, गळा दुसऱ्याचा, त्या गळ्यामागं आईच्या ओव्या. एकट्याचं गाणं कुठं असतंय, पोरा? मोठा आवाज दुसऱ्याच्या आधारावरच उभा ऱ्हातो. ज्याला हे कळलं, त्याचीच कला टिकती."

थोर कलावंतांच्या मुलाखती आपण आवडीनं वाचतो. त्यांच्या मागे जन्म काढलेल्यांना मात्र कुणी काही विचारत नाही, याची मला फार खंत वाटते. त्या शाहिरानं विचारलं, हे त्याचं मोठेपण.

"तात्या, इतकी वर्षं मागं उभं ऱ्हायचं वाईट नाही वाटलं?"

"तरणा हुतो तवा लई वाटायचं. रातरात झोप लागायची न्हाई. मग ध्यानात आलं, शाहिराला जमाव दिसतो आन् झीलकऱ्याला शाहीर दिसतो. किती शाहीर झाले माझ्याम्होरं. कुणाचा दम कुठं तुटतो, ते मला पाठ हाय. तुजा दुसऱ्या चौकात, शेवटच्या ओळीला तुटतो. म्हनून तर तिथली झील मी रोज लांबवतो."