टेलवरून दिसणारं सरकार

नीरा डाव्या कालव्यावरचा शेतकरी सरकारला आवर्तनातून, म्हणजे कालव्याला सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीतून, ओळखतो. पाणी कधी सुटलं, चारीला किती दिवस टिकलं, आपली पाळी यायच्या आत बंद झालं का, यावर तो कारभाराचं मोल ठरवतो. आणि बारामतीच्या बागायत पट्ट्यात ते मोल एक निघतं, इंदापूरच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, दुसरंच. माझ्या मते सुशासनाची परीक्षा टेललाच घ्यायला हवी.

हा प्रश्न कालव्याइतकाच जुना आहे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर, १८८५च्या सुमारास हा कालवा सुरू झाला. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी इथे ब्लॉक पद्धत आणली. पाण्याचा लाभ मोजक्या गावांतल्या उसाकडे साचू नये, तो जास्तीत जास्त गावांत ठरावीक गटांनी आणि पिकांच्या फेरपालटीने पोचावा, हा तिचा हेतू. धरण बांधणाऱ्या खात्याने वाटपाच्या न्यायाचाही विचार करावा, हे मला त्या योजनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कागदावर आजही न्याय आहे. नमुना सातवर पाणीअर्ज भरायचा, शेजपाळीने टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडे, भिजवत यायचं. पण हेडला उसाचं क्षेत्र मंजुरीपेक्षा वाढलं, कुणी कालव्यातच मोटार टाकली, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, की नियम तसाच राहतो आणि पाणी वाटेतच संपतं. ज्याचं भिजलं तो तक्रार करत नाही. ज्याचं राहिलं त्याच्यापाशी किती पाणी यायला हवं होतं याचा आकडाच नसतो. एकेका नोकराच्या प्रामाणिकपणावर सगळा भार टाकून हे सुटणार नाही.

२००५ साली महाराष्ट्राने या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याची तरतूद केली आणि संचालक मंडळात हेड, मध्य व टेल अशा तिन्ही भागांना जागा ठेवल्या. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. शेती, पिण्याचं पाणी आणि उद्योग यांच्यातल्या वाटपाचा अधिकार त्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे जायचा होता. २०११च्या दुरुस्तीने तो मंत्रिमंडळाकडे नेला. निवडून आलेल्यांनी धोरण ठरवावं, हे म्हणणं चुकीचं नाही. पण ज्याच्यावर दबाव येतो त्याच्याच हाती वाटप राहिलं, तर टेलवाल्याने दाद कुणाकडे मागायची?

दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न फक्त आपला नाही. अरब देशांतल्या प्रशासन सुधारणांची चर्चा मला म्हणूनच आपली वाटते. ट्युनिशियाच्या आर्थिक सुधारणांचं बाहेर कौतुक होत होतं. किनाऱ्यापासून आत, शेतीवर जगणाऱ्या सिदी बूझिद गावात १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याचा माल आणि तराजू जप्त झाला. गव्हर्नरच्या कचेरीत त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याने कचेरीबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि पुढे देशातली सत्ता कोसळली. राजधानीत मोजलेली सुधारणा त्या कचेरीच्या दारापर्यंत पोचलीच नव्हती. उलट ओमानमधल्या अफलाजमध्ये, म्हणजे जमिनीखालून आणि पाटांनी पाणी आणणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, प्रत्येकाचा वाटा वेळेने ठरतो. काही गावांत तो उन्हाच्या सावलीवर मोजत. ते मोजमाप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाले.

आपल्याकडे तेवढी उघड मोजणी करायला नवा कायदा नको. हेडच्या आणि टेलच्या चारीवर मोजमापाची साधनं बसवावीत. प्रत्येक आवर्तनाचे दिवस, सोडलेलं पाणी आणि पोचलेलं पाणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावं, आणि पाणी कुठे घटलं याचं उत्तर शाखा अभियंत्याने पुढचं आवर्तन सुटण्याआधी पाणीवापर संस्थेच्या बैठकीत द्यावं.