एका रुप्यावर दोन राजे

(वाचनभाग : मत्तय २२:१५-२२)

हा वेचा आपल्या मंडळ्यांत बहुधा सरकारी कराच्या विषयासाठी वाचला जातो. आज आम्ही त्यातील नाण्याकडेच पाहू इच्छितो. प्रभूने प्रथम उत्तर दिले नाही. त्याने नाणे मागितले, आणि त्याजवर कोणाचे मुख व कोणाचे नाव आहे असे विचारले. ते दिनार बहुधा तिबिर्य कैसराचे असावे, असे विद्वान मानतात. त्याच्या एका बाजूस कैसराचे मस्तक असे, आणि भोवती तो देव झालेल्या औगुस्ताचा पुत्र आहे, असा लेख असे. जुने नाणे ओळखण्याची रीत आजही हीच आहे. आधी मुख पाहावे, मग अक्षरे वाचावी, मग पाठीवरील चिन्ह पाहावे व शेवटी वजन करावे.

ही रीत आम्हांस ठाऊक नव्हती, तेव्हाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांमागे खालापूरकडील एका वाडीतील बंधूस खाचराचा बांध घालताना एक लहानसे काळे नाणे सापडले. रविवारी उपासनेनंतर त्याने ते आमच्या हाती दिले. आम्ही, शिकलेले म्हणविणारे, चिंच व राख घेऊन ते घासीत बसलो. रुपे चकाकू लागले. परंतु जी काही अक्षरे होती ती निघून गेली. पुढे एका जाणत्या गृहस्थाने ते उलटसुलट करून पाहिले व मुकाट्याने परत दिले. तो बंधू आम्हांस काही बोलला नाही. ते नाणे कोणाचे होते हे आता कोणासही सांगता येणार नाही.

आता नाशिकजवळील जोगळटेंभी गावची हकीकत ऐका. सन १९०६ साली तेथे रुप्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. ती क्षहरात वंशाच्या नहपान राजाची. पुढल्या बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे, मागे बाण व वज्र, आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. ग्रीक अक्षरांतील भाषा मात्र आपल्या देशातील प्राकृतच! त्या काळी रोमी रुपे व सोने भडोच बंदरात उतरत असे. कल्याण व चौल ही बंदरेही परदेशी व्यापाऱ्यांस ठाऊक होती. मुख व अक्षरे घडविण्याची ही पद्धत पश्चिमेकडील नाण्यांवरून आली, हे उघड आहे.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. मग त्याने हे रुपे वितळविले काय? नाही. त्या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने आपला ठसा उमटविला. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसरीस उज्जयिनीचे चिन्ह. तरी पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, कान, एखादे अक्षर अद्याप डोकावते. त्यामुळेच कोणी कोणास जिंकले हे आपणांस वाचता येते. बोरघाट चढून कार्ल्यास जाल तर तेथील लेण्यांतही हेच आढळेल. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंस करजिक गाव दिल्याचा लेख तेथे आहे, आणि तेच दान पुढे चालविणारा दुसरा लेखही आहे. तो गौतमीपुत्राचा असावा असे मानतात. जिंकणाऱ्याने चांगले ते मोडले नाही.

यरुशलेमच्या मंदिरातही असेच काही होते. मंदिराच्या पट्टीसाठी सोर शहराचे शेकेल घेत. त्यावर मेलकार्थ नावाच्या परक्या देवाचे मुख होते. परंतु रुपे उत्तम होते, म्हणून याजकांनी ते चालविले. हे याजकांचे भूषण होते की नाही, हा वाद येथे नको.

हे सर्व आम्ही का लिहितो? कर्जतकडील एका उपदेशकाचे पत्र आमच्यासमोर आहे. चार वर्षांमागे बाप्तिस्मा घेतलेला एक बंधू अद्याप भातकापणीच्या आरंभी पहिली मूठ शेताच्या कडेस ठेवितो, जशी त्याच्या बापाने ठेविली. त्याचे नाव नोंदवहीतून काढावे, असे उपदेशकाचे म्हणणे आहे. त्यांची कळकळ आम्ही जाणतो. परंतु प्रिय बंधो, ही चिंच व राख आम्ही एकदा वापरून पाहिली आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे त्या मनुष्यावर पहिली छाप देवाचीच आहे. मग वाडवडिलांची बसली, मग ख्रिस्ताची. नव्या ठशाखालून जुने नाक दिसते, म्हणून राज्य अद्याप जुन्याच राजाचे आहे काय? आणि ती मूठ तो कोणास देतो, हे आपण त्याला विचारले आहे काय? पत्रात तसे लिहिलेले नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. कोणास जमिनीत जुनी नाणी मिळाली तर ती घासू नयेत, सोनाराकडे नेऊ नयेत. सन १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. लपविणे हे त्या वेच्यातील कैसराचे देणे बुडविण्यासारखेच आहे.

त्या बंधूचे नाव आम्ही नोंदवहीत राहू दिले आहे. उपदेशकाने येत्या कापणीच्या पहिल्या दिवशी सकाळीच त्याच्या शेतावर जावे, व जाताना आपला विळा बरोबर न्यावा.